बारा पिना, तारेच्या बाजूनं

आमच्या घरी कपडे फाटायचे नाहीत, गळायचे. बाबा ट्रकांच्या वायरिंगचं काम करायचे. नागपूरजवळच्या वाडीच्या रस्त्यावर जिथे माल घेऊन आलेले ट्रक उभे असतात, तिथे एका निंबाखाली त्यांची लोखंडी पेटी असायची. दिवसभर बॅटऱ्या उचलायच्या, जळलेल्या तारा काढायच्या. बॅटरीचं अॅसिड शर्टावर उडायचं. तेव्हा काही दिसायचं नाही, पण कपडे एकाच बादलीत भिजायचे आणि आठवड्याभरात सगळ्यांच्या कपड्यांना बारीक भोकं पडायची. आईच्या लुगड्याला, माझ्या शाळेच्या युनिफॉर्मला. आई हाताला लागेल त्या रंगाच्या दोऱ्यानं रफू करायची. निळ्या स्कर्टवर लाल दोरा, पांढऱ्या शर्टवर हिरवा. वर्गातल्या मुली मला चाळणी म्हणायच्या. मी पहिल्या बाकावर बसायचे. पाहायचं असेल तर नीट पाहा म्हणून.

उत्तर नागपुरात टिनाच्या छपराची एक खोली होती आमची. मे महिन्यात दुपारी त्या खोलीत माणूस राहू शकत नाही, म्हणून मी बुद्धविहाराच्या अभ्यासिकेत बसायचे. दहावीला असताना बाबांच्या हातावर बॅटरी फुटली. तीन महिने उजवा हात पट्टीत. तेव्हा आई रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात फरशा पुसायला लागली आणि नंतर तेच काम तिला चिकटलं. बाबांचा हात बरा झाला, पण दोन बोटं पूर्ण वळत नाहीत. वळत नाहीत तरी ते आजही मला हरवतील इतक्या वेगानं तार सोलतात.

हे कोणी हळहळावं म्हणून सांगत नाही. हळहळणारे खूप भेटले, कामाचे कमी. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली पहिली मीच, आणि इलेक्ट्रॉनिक्समध्ये डिग्री घेतली. कुठून आले ते माहीत असल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही, म्हणून एवढं सांगितलं.

नोकरी लागली ती मिहान या औद्योगिक वसाहतीच्या पलीकडच्या एका छोट्या कंपनीत. ई-रिक्षाचे कंट्रोलर बनतात तिथे. कंट्रोलर म्हणजे रिक्षाच्या मोटरला किती वीज सोडायची ते ठरवणारा डबा. वरच्या मजल्यावर आम्ही डिझाइनवाले, एसीत. मागे पत्र्याच्या शेडमध्ये बाया तारांचे जुडगे बनवायच्या, कंट्रोलरपासून बॅटरी, मोटर, अॅक्सिलरेटरपर्यंत जाणाऱ्या तारा एकत्र बांधून. त्याला हार्नेस म्हणतात. वरून खाली कागद जायचा. माणूस कोणी जात नसे.

मला काम दिलं लायब्ररीचं, म्हणजे चिन्हांच्या संग्रहाचं. सर्किटचा नकाशा काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक भागाचं एक चिन्ह असतं, सिम्बॉल. रेझिस्टरचं वेगळं, चिपचं वेगळं. तयार सिम्बॉल पुष्कळ मिळतात, पण एखादा वेगळाच कनेक्टर आला की त्याचं चिन्ह आपणच काढावं लागतं. चौकोन काढायचा, त्याला पिना लावायच्या, प्रत्येक पिनेला नंबर आणि नाव द्यायचं. हे काम कोणाला नको असतं. नकाशा काढणाऱ्याचं नाव होतं, सिम्बॉल काढणाऱ्याचं नाव कोणी विचारत नाही. नव्या माणसाला देतात. त्यातून मुलगी असेल तर विचारायलाच नको.

मी ते जीव लावून केलं. कंपनीनं एक बारा पिनांचा नवा कनेक्टर घेतला, वर सहा, खाली सहा, डोक्यावर एक खटका. आमच्या लायब्ररीत सगळे कनेक्टर म्हणजे एक उभा चौकोन आणि एकाखाली एक नंबर, किराण्याच्या यादीसारखे. मला ते पटत नव्हतं. वस्तू दोन ओळींची आहे तर चिन्ह दोन ओळींचं का नको? मी कनेक्टर बनवणाऱ्यांचा कागद उघडला, त्यातल्या आकृतीबरहुकूम दोन ओळी काढल्या. वर एक ते सहा, खाली सात ते बारा. तीनदा तपासलं. एकही नंबर चुकलेला नव्हता, हे लक्षात ठेवा.

आमचे साहेब, म्हणजे डिझाइनचे प्रमुख, यांनी त्यावर नजर टाकून विचारलं, "मॅडम, आपण इंजिनियर आहात की रांगोळी काढता?"

सगळे हसले. मीही हसले. सिम्बॉल तसाच मंजूर झाला, कारण मुदत जवळ आली होती. तोच नकाशात गेला, नकाशातून हार्नेसच्या कागदावर गेला, कागद खाली शेडमध्ये गेला.

पहिल्या खेपेचे सात कंट्रोलर ग्राहकाच्या आवारात गाड्यांना लावले. किल्ली फिरवताच सातही जळाले. एकापाठोपाठ एक लावून पाहिले म्हणून सात, नाहीतर पहिल्यावरच थांबता आलं असतं, पण थांबवणारं तिथे कोणी नव्हतं. मी आणि साहेब तिथे पोचलो तेव्हा आवारात जळक्या बोर्डाचा वास होता. उघडून पाहिलं तर बॅटरीची तार, जी एक नंबरला हवी, ती सहा नंबरला. आणि सहा नंबरला अॅक्सिलरेटरचा नाजूक सिग्नल येतो. त्या पिनेवर सरळ बॅटरी सोडली तर दुसरं काय होणार?

साहेबांनी गाडीतच सांगून टाकलं, "तुमच्या चित्रामुळे झालं. सरळ यादी असती तर हे झालं नसतं."

दोन दिवसांनी त्यांनी माझ्यापुढे एक कागद ठेवला. इंग्रजीत टाइप केलेला. त्याचा मराठीत अर्थ असा की सिम्बॉलमध्ये पिनांचे क्रमांक मी निष्काळजीपणे चुकीचे दिले, त्यामुळे नुकसान झालं, त्याबद्दल मी क्षमा मागते. खाली माझं नाव, सहीची रेघ.

"सर, नंबर चुकीचे नाहीत."

"फॉर्मॅलिटी आहे. ग्राहकाला काहीतरी दाखवावं लागतं. सही करा, विषय संपेल."

"विषय माझा संपेल. माझं प्रोबेशन महिनाअखेरीस पूर्ण होतंय. हा कागद फायलीत असताना मला कोण कायम करणार?"

"ते नंतर बघू ना."

"मग सहीही नंतर बघू," मी म्हटलं आणि कागद त्यांच्याकडे सरकवला.  साहेबांनी सोमवारपर्यंतची मुदत दिली.

पण कागद सरकवून प्रश्न सुटत नव्हता. नंबर बरोबर होते आणि तारा उलट्या लागल्या होत्या. दोन्ही खरं होतं. सात हार्नेस, आणि सातही एकाच पद्धतीनं चुकलेले. विसरून, घाईत झालेली चूक अशी सारखी होत नाही. शिवाय शेडमध्ये प्रत्येक हार्नेस तपासणीच्या फळीवर लावून बीप वाजल्याशिवाय बाहेर जात नाही. बीप वाजलं होतं.

एक रिकामा कनेक्टर मी पर्समध्ये टाकून घरी आणला. बाबा जेवत होते. मी त्यांच्या ताटाजवळ तो ठेवला.

"बाबा, खटका वर धरून सांगा, यात एक नंबर कोणता?"

"मले जेवू देशील का नाई?"

"सांगा ना."

बाबांनी डाव्या हातानं कनेक्टर उचलला आणि पाहायच्या आधी सरळ उलटा फिरवला. तोंड त्यांच्यापासून दूर, तारा जिथून आत जातात ती मागची बाजू डोळ्यांसमोर. मग वरच्या ओळीतल्या डावीकडच्या पहिल्या भोकावर बोट ठेवलं. "हा."

माझ्या आकृतीप्रमाणे तो सहा नंबर होता.

"उलटा काहून धरला?"

"उलटा?" बाबा माझ्याकडे पाहत राहिले. "तूच उलटा धरून राहिली वं. तार कुठून घालतेस तू, तोंडातून? तोंडात तर दुसरा कनेक्टर बसते. काम करणाऱ्या माणसाले मागची बाजू दिसते. समोरची दुकानदाराले दिसते."

आई चुलीजवळून म्हणाली, "इतली शिकली अन् बापाले विचारते."

"बापालेच विचारीन. सरांले विचारलं तर सही मागतात," मी म्हटलं.

त्या संध्याकाळी मला दोन गोष्टी कळल्या. कनेक्टरवाल्यांच्या कागदातली आकृती समोरून काढलेली होती, मीही समोरूनच काढली. आणि कुठून पाहायचं हे मी कुठेच लिहिलं नव्हतं. म्हणजे चूक माझी होती. पण त्या टाइप केलेल्या कागदात लिहिलेली चूक माझी नव्हती. हा फरक ज्याला कळत नाही त्याला मी कीस पाडणारी वाटेन, कटकटी वाटेन. वाटू दे. आमच्यासारख्यांच्या नावावर नेहमी ठोक चूक लिहिली जाते, नेमकी कोणती ते विचारायचं नसतं. मी विचारणार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये गेले. तिथे ज्या सगळ्यांत जुन्या होत्या त्यांना सारे मावशी म्हणत. मी त्यांच्याजवळच्या स्टुलावर बसले तर बाया कामाचे हात थांबवून पाहायला लागल्या.

"मॅडम, तपासणी हाय का?" मावशींनी विचारलं.

"नाही. शिकायला आले."

"आमच्यापाशी?" एकजण हसली. "आमच्यापाशी शिकून तुमचा पगार कमी होईन."

मी प्रत्येकीला कनेक्टर दिला आणि एक नंबर दाखवायला सांगितलं. नऊ बायांनी तो न बोलता मागच्या बाजूनं धरला आणि डावीकडून मोजला, अगदी बाबांसारखा. तपासणीची फळीही त्यांनीच, त्याच नजरेनं बनवली होती. म्हणून चुकीच्या हार्नेसवरही बीप बरोबर वाजलं.

"कनेक्टरवर बाजूला अंक कोरलेले असतात ना?" मी विचारलं.

मावशींनी तो माझ्या नाकासमोर धरला. "वाचा." काळ्या प्लास्टिकवर काळे अंक, खसखशीच्या दाण्याएवढे. मला वाचता आले नाहीत.

"मग इतकी वर्षं चुकलं कसं नाही?"

मावशींनी भिंतीकडे हनुवटी केली. भिंतीवर खिळे होते आणि प्रत्येक खिळ्याला एक जुना हार्नेस टांगलेला. "आम्ही कागद पाहतच नाई, बाई. वरून नमुना येते, तो खिळ्यावर लावतो, त्याच्यासारखा दुसरा बनवतो. ह्या खेपेले साहेब म्हणे नमुना कशाले, कागद हाय ना. मंग कागदावर बनवलं. आमचं काय चुकलं?"

काही चुकलं नव्हतं. कंपनीच्या साऱ्या लायब्ररीतला एकही कनेक्टरचा सिम्बॉल आजवर कोणी वाचलाच नव्हता. साहेबांच्या सरळ याद्यासुद्धा. त्या याद्यांत तर कोणती ओळ वर आणि कोणती खाली हेही कळत नाही. त्यांची अब्रू भिंतीवरच्या खिळ्यांनी राखली होती.

वर आले आणि त्या बारा पिनांच्या सिम्बॉलवर पुन्हा बसले. आता कनेक्टर जसा मावशींच्या हातात दिसतो तसा काढला. मागून. वरच्या बाजूला खटका ठळक काढला, म्हणजे उलटं धरायला वावच नको. वरची ओळ डावीकडून सहा, पाच, चार, तीन, दोन, एक. पाहायला विचित्र वाटतं, पण हातात धरलं की तंतोतंत जुळतं. एक नंबरचं भोक भरीव काळं केलं. प्रत्येक भोकाशेजारी तारेचा रंग लिहिला.

मग मला तिथे मराठीत लिहायचं होतं: तार इकडून. सॉफ्टवेअरची अक्षरं इंग्रजीसाठी बनलेली, काड्यांची. मराठी टाकलं की काना एकीकडे, उकार दुसरीकडे, नाहीतर नुसते रिकामे चौकोन. मग अक्षरं टाइप करायचा नाद सोडला आणि रेघा ओढूनच ते दोन शब्द काढले. त ची गाठ, र चा तिरपा पाय, ऊकाराचं शेपूट, एकेक रेघ. दुपारचा डबा तसाच राहिला. पहिली दुसरीत पाटीवर काढली असतील तशी वाकडी अक्षरं आली. पुन्हा काढली.

साहेब मागे येऊन उभे राहिले. "हे काय? ड्रॉइंगमध्ये मराठी?"

"वाचणाऱ्या मराठी आहेत, सर."

"उद्या ग्राहक विचारेल ही कसली नक्षी."

"ग्राहकाच्या गाड्या जळाल्या तेव्हा सगळं इंग्रजीतच होतं."

ते लाल झाले. "मी तुम्हाला सोमवारपर्यंत सही मागितली होती. रांगोळी नाही मागितली."

"रांगोळी काढणारीला ठिपके कुठून मोजायचे ते तरी माहीत असतं, सर. आपल्या लायब्ररीला माहीत नाही." आजूबाजूला खुर्च्या वळल्या होत्या. आता मागे हटायला जागा नव्हती आणि हटायचंही नव्हतं. मी म्हटलं, "एक करा. सोमवारी शेडमध्ये हा कागद द्या. नमुना देऊ नका, कोणी काही समजावून सांगायचं नाही. दहा हार्नेस करू द्या. तपासणी त्यांच्या फळीवर नको, आपल्या टेस्टिंगच्या यंत्रावर. एक जरी कागदामुळे चुकला तर तुमच्या कागदावर सही करते. राजीनाम्यावरही."

"आणि नाही चुकला तर?"

"तर तो कागद फाडा आणि लायब्ररीतले सगळे कनेक्टर मला द्या."

घरी सांगितलं तेव्हा आई भांडं खाली ठेवून म्हणाली, "राजीनाम्याचं काहून बोलली वं? नोकरी काय रस्त्यावर पडून हाय?"  बाबा माझा कागद हातात घेऊन, कनेक्टर त्याच्यावर धरून, भोकामागून भोक बोट फिरवत राहिले. शाळा सातवीपर्यंत झालेल्या माणसानं माझं ड्रॉइंग पहिल्यांदा वाचलं. शेवटी म्हणाले, "हे तर मलेबी समजून राहिलं." मला तेवढं पुरे होतं. आईला नव्हतं.

सोमवारी साहेब स्वतः शेडमध्ये आले. मला वाटतं, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. त्यांना बसायला कुठली खुर्ची द्यावी हे बायांना कळेना, मग ते उभेच राहिले. मी दारापाशी, हाताची घडी घालून, तोंड बंद. कागद मावशींच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी तो पाहिला, कनेक्टर उचलला, खटका वर केला, कागदावर धरला.

"हे तर आपल्या बाजूनं हाय," त्या शेजारणीला म्हणाल्या.

"अन् हे काय लिहिलं? तार इकडून. मग काय, तिकडून घालतो का आपण?" शेजारीण हसली. पण हसता हसता तिचे हात चालू झाले होते.

दहा हार्नेस झाले. टेस्टिंगचं यंत्र खाली आणलं. पहिला लावला, हिरवा दिवा. दुसरा हिरवा. मी मोजत होते आणि मोजत नसल्यासारखं दाखवत होते. नऊ हिरवे झाले. दहावा लावला आणि दिवा लाल.

साहेबांनी खिशातून पेन काढलं. पेन आधीच तयार होतं, हे मी पाहिलं. त्यांनी टोपण उघडलं. 

"थांबा जी साहेब," मावशी म्हणाल्या. "काय लाल आलं ते तर पाहू द्या. लाल दिसला का पेन काढाचा?" त्यांनी हार्नेस ओढून घेतला, मागून एकेक तार हलक्यानं खेचली. आठवी तार हातात आली. टर्मिनल, म्हणजे तारेच्या टोकाला असलेली पितळी चिमटी, भोकात पूर्ण बसलीच नव्हती. मावशींनी ती अंगठ्यानं दाबली. कट्ट असा आवाज आला.

"भोक बरोबर हाय, दाब कमी पडला. ही चूक माही हाय. कागदाची नाई." त्या साहेबांकडे पाहून म्हणाल्या. "लिवून घ्या कुठं लिवाचं ते. मी अंगठा नाई देत, सही करते."

यंत्रावर पुन्हा लावला. हिरवा.

शेडमध्ये कोणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. पुढची ऑर्डर होती, बाया कामाला लागल्या. साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि निघताना माझ्याजवळ थांबले. "लायब्ररीत टाका," म्हणाले.

"आणि तो कागद?"

"तो... राहू द्या ना आता."

"राहू द्यायचा नाही, सर. फाडायचा ठरला होता."

वर जाऊन त्यांनी तो ड्रॉवरमधून काढला आणि माझ्यासमोर फाडला. क्षमा कोणी मागितली नाही, मी अपेक्षाही केली नाही. त्याच्या जागी मी स्वतः एक पान लिहून फायलीत लावलं. त्यात लिहिलं की पिनांचे नंबर बरोबर होते, पाहण्याची बाजू लिहायची राहिली, ती मी लिहायला हवी होती, आणि नमुना न पाठवण्याचा निर्णय माझा नव्हता. खाली सही केली. माझी चूक माझ्या शब्दांत.

मग मी एकेक करून लायब्ररीतले सगळे कनेक्टर पुन्हा काढले. प्रत्येक सिम्बॉल मंजूर व्हायच्या आधी छापून शेडमध्ये नेते. तिथे एकीलाही विचारावं लागलं, तर परत वर येऊन बदलते. दोन-तीनदा मावशींनी मला नापास केलं आहे. एकदा म्हणाल्या, "बाई, हे कोणासाठी काढलं? आमच्यासाठी तर नाई दिसत." त्या वेळी राग आला होता. बदललं मात्र.

महिनाअखेरीस मला कायम केल्याचं पत्र मिळालं. आज कंपनीच्या लायब्ररीतला प्रत्येक कनेक्टर मी काढलेला आहे, तारेच्या बाजूनं, आणि प्रत्येकावर 'काढणार' या रकान्यात माझं पूर्ण नाव आहे. त्या सोमवारनंतर उलट्या तारेनं एकही कंट्रोलर जळलेला नाही.